दस्त आणि दस्ता : एका यकाराची मीमांसा

मराठीत ‘दस्त’ असा एक शब्द आहे आणि ‘दस्ता’ असा एक. पहिला माणसाला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतो, दुसरा स्टेशनरीच्या दुकानात. दोघेही कागदाच्या धंद्यातले, दोघेही फारशी, आणि दोघांत अंतर एका कान्याचे. आम्ही ३४ वर्षे मुद्रितशोधन केले. काना-मात्रा-वेलांटीवर ज्याने संसार केला, तो या दोघांत गल्लत करणार नाही, अशी वाचकांची समजूत असेल. आमचीही होती.

कोणताही वाद पाच पायऱ्यांनी सोडवावा, असे मीमांसकांनी सांगून ठेवले आहे : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय; पाची मिळून एक अधिकरण. वेदातल्या विधिवाक्यांसाठी उभारलेली ही यंत्रणा चोवीस कोऱ्या कागदांपायी राबवणे म्हणजे डासावर तोफ डागणे होय, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप मान्य. पण निवृत्तीनंतर तोफ घरात नुसती पडून आहे, आणि डास तर चावलेला आहे.

१. विषय

दस्त म्हणजे ज्या लिहिलेल्या कागदाने कोणी काही देतो, घेतो किंवा सोडतो, आणि ज्याची सरकारदरबारी नोंद होते तो. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र ही सगळी दस्ताचीच लेकरे. स्थावर मिळकतीतला शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचा हक्क अशा कागदाने निर्माण झाला वा संपला, तर त्याची नोंदणी सक्तीची, असे १९०८ च्या नोंदणी कायद्याचे १७ वे कलम म्हणते. शंभर रुपयांत आज ज्यावर दस्त छापायचा त्या कागदाचे रीमसुद्धा येत नाही. पण कायद्याचा आकडा आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख, एकदा पडली की पडली.

दस्ता म्हणजे चोवीस कागद. बस्स. त्यात कोणी काही देत नाही, घेत नाही, सोडत नाही. बारा नगांचा डझन, बारा डझनांचा ग्रोस, चोवीस कागदांचा दस्ता, वीस दस्त्यांचे रीम, हे कोष्टक ज्यांनी शाळेत घोकले आहे त्यांना दस्ता ठाऊक असतो. भेटलेला मात्र क्वचितच असतो. पुढे आयुष्यात डझन केळ्यांच्या निमित्ताने वरचेवर भेटत राहतो. दस्ता आणि ग्रोस परीक्षेनंतर जे जातात ते जातातच.

२. संशय

वडिलांच्या दोन खोल्या. वारस दोघे : ताई आणि आम्ही. आईचे शेवटचे दिवस ताईने काढले, त्यामुळे आमचा हिस्सा तिच्या नावे सोडायचा, हे आमचे केव्हाच ठरलेले. वकिलांनी हक्कसोडपत्र तयार केले. ‘आमच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक अक्षर नोंदवायचे नाही,’ असे आम्ही बजावल्यामुळे त्यांनी छापील दस्त आमच्याकडे वाचायला पाठवला. आम्ही तो तीनदा वाचला, निर्दोष ठरवला आणि कपाटाच्या खणात ठेवला.

नोंदणीच्या आदल्या दिवशी वकिलांच्या मदतनिसाचा फोन आला. “काका, उद्या साडेदहाला. आणि येताना दस्ताचं तेवढं विसरू नका हं.”

‘दस्ताचं’ की ‘दस्त्याचं’? फोनवर ‘त’ला ‘य’ चिकटला आहे की नाही हे ऐकू येणे म्हणजे पहिल्या मजल्यावरून खाली पडलेल्या टाचणीचा आवाज ऐकण्यासारखे. आमच्या पिढीला सरकारी कामाला आपला कागद आपण नेण्याची सवय. आम्ही मनाशी म्हणालो, कचेरीत कोरे कागद लागत असणार. आणि स्टेशनरीच्या दुकानासाठी थेट अप्पा बळवंत चौक गाठला.

“एक दस्ता द्या. लेजर पेपरचा.”

गल्ल्यावरच्या मुलाने संगणकातून मान वर केली. “दस्ता? कुठल्या कंपनीचा?”

आम्ही कोष्टक म्हणून दाखवले. तो अदबीने म्हणाला, “काका, पाचशेचं पाकीट घ्या ना. ए-फोर, पंच्याहत्तर जीएसएम. सगळे तेच नेतात.”

तेवढ्यात मागच्या फळीच्या आडून एक म्हातारे गृहस्थ आले. मुलाचे आजोबा असावेत. “दस्ता मागतायत ते. चोवीस,” असे म्हणून त्यांनी हिरवट कागदांचा एक गठ्ठा पुढे ओढला. उजव्या हाताने त्याचा कोपरा पंख्यासारखा उलगडला, अंगठा पाण्यातल्या स्पंजवर टेकवला आणि कागद मोजले ते एकेक नव्हे, चार बोटांच्या फटींत चार-चार. ओठ हलत नव्हते, नजर कागदावर नव्हती, आमच्याशी बोलणेही चालू होते. सहाव्या वेळी हात आपोआप थांबला. “चार सक चोवीस.” मग त्यांनी थप्पी मधोमध दुमडली, घडीवरून अंगठ्याचे नख फिरवले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या हातात दिली. “पंधरा-वीस वर्षांत कोणी या नावानं मागितला नव्हता,” ते म्हणाले. आमची मान अभिमानाने ताठ झाली. ती दुसऱ्या दिवशी साडेदहापर्यंत ताठ होती.

“काका, दस्त?” मदतनिसाने हात पुढे केला. आम्ही पुडके दिले. त्याने सोडले. वर-खाली करून पाहिले. “यावर काहीच लिहिलेलं नाही.”

“दस्त्यावर नसतंच,” आम्ही म्हणालो.

आमचे टोकन ११ चे होते, ७ चालू होते. आम्ही रिक्षाने घरी गेलो, खणातून दस्त काढला आणि त्याच रिक्षाने परतलो. जाण्यायेण्याच्या त्या तासाभरात या प्रबंधाची बीजे पेरली गेली.

३. पूर्वपक्ष

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडावे, असा शास्त्राचा दंडक आहे. ते असे.

एक : दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. मूळ एक तर भेद कशाला? दोन : संदर्भाने अर्थ कळतो. निबंधकाच्या कचेरीत दस्ता कोण मागेल आणि स्टेशनरीच्या दुकानात दस्त कोण विकेल? (आमचे उदाहरण अपवादात्मक म्हणून बाजूला ठेवावे, असे प्रतिपक्ष सौजन्याने सुचवतो.) तीन : दस्ता हा शब्दच मेलेला आहे. मेलेल्याशी गल्लत होत नाही.

चौथा पूर्वपक्ष आमच्या इंदूरच्या वहिनींचा आहे. घडलेला प्रकार कळवावा म्हणून आम्ही त्यांना फोनवर एवढेच म्हणालो, की “सकाळी दस्ताच्या भानगडीत घरी पळावं लागलं.” वहिनी मराठी घरातल्या, पण साठ वर्षे हिंदीच्या शेजारात काढलेल्या. त्यांनी काळजीच्या सुरात साखर-मिठाच्या पाण्याचे प्रमाण सांगितले आणि दोन दिवस नुसता दहीभात खा म्हणाल्या. हिंदीत ‘दस्त’ लागतात. मराठीत ते नोंदवतात. हा पूर्वपक्ष खंडन करण्याजोगा नाही. तो प्रेमाचा आहे. नोंद घेऊन पुढे जाऊ.

४. उत्तरपक्ष

(अ) व्युत्पत्तीवरून. मूळ एक आहे, हे खरे. फारशीत ‘दस्त’ म्हणजे हात. संस्कृतातला ‘हस्त’ हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. अवेस्तेच्या भाषेत तो ‘जस्त’ होतो. म्हणजे ‘दस्तखत’ आणि ‘हस्ताक्षर’ ही एकाच हाताची दोन नावे, आणि ज्याने पहिला शब्द फारशी म्हणून टाकून दुसरा संस्कृत म्हणून घेतला त्याने डावा हात सोडून उजवा धरला, एवढेच. शिवरायांच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात दहा वर्ग आहेत आणि त्यांत एक खास लेखनवर्ग आहे. दरबारी फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो थोर उद्योग. पण दस्त, दफ्तर आणि कागद हे तिघे काही उठले नाहीत. मराठी माणूस भाडेकरूबद्दल तक्रार करतो, पण भाडेकरू चांगला निघाला तर त्याला काढत नाही.

हाताचे हे गोत मोठे आहे. ज्याचा हात वर तो ‘जबरदस्त’. जबर म्हणजे वरचा. फुलांची मूठ तो गुलदस्ता. वैद्याच्या खलातली दांडी हीही फारशीत दस्ताच, म्हणून हिंदीत कुटायच्या साधनाला इमामदस्ता म्हणतात. त्यात इमाम कोणी नाही, मूळचा ‘हावन’ म्हणजे खल आहे. आणि परीक्षेच्या काळात हिंदी वर्तमानपत्रे ज्याला ‘उडन दस्ता’ म्हणतात ते आपले भरारी पथक. आम्ही प्रथम वाचले तेव्हा पंख्याखाली उडालेले चोवीस पेपर डोळ्यांसमोर आले होते.

यातून प्रमेय निघते : दस्ता म्हणजे हातात मावेल तेवढे. मूठभर माणसे, मूठभर फुले, मूठभर कागद. दस्त मात्र हाताने केलेले. मूळ एकच, पण एकात हात माप आहे आणि दुसऱ्यात कर्ता.

दस्ताचे भारदस्त रूप ‘दस्तऐवज’. फारशीत तो ‘दस्त-आवेज’ : हात ज्याला धरून लोंबकळतो तो आधार. हिंदीने दस्तावेज म्हणून आवेज टिकवला. मराठी माणसाला लोंबकळणे मानवले नसावे. त्याने त्या जागी ओळखीचा ‘ऐवज’ बसवला. तोच ऐवज, जो चोरट्यांनी बंद सदनिकेचे कुलूप तोडून लंपास केला असे रोज छापून येते. चूक असेल, पण समजूतदार चूक आहे. कागद गेला तर ऐवज गेला, हे ज्याला कळले त्याने व्युत्पत्ती बिघडवून अर्थ सुधारला. ‘फुलस्केप’चेही तसेच. आम्ही आयुष्यभर त्यात ‘पूर्ण’ कागद पाहिला. मुळात तो विदूषकाच्या टोपीचे जलचिन्ह असलेला कागद. दस्त अशा टोपीवाल्या कागदावर लिहिले जात, हे कळल्यावर काही जुन्या वाटणीपत्रांचा उलगडा होतो.

(आ) गणितावरून. दस्त्याची संख्या पक्की आहे म्हणतात. ती तशी नाही. कोष्टकात रीम ४८० कागदांचे. दुकानातले पाकीट ५०० चे. इंग्रजांचा ‘क्वायर’ही पूर्वी २४ चा होता, आता २५ चा धरतात, छापखान्याच्या जुन्या व्यवहारात तर वाया जाणाऱ्या कागदांची सोय म्हणून ५१६ चेही रीम चाले. आम्ही छापखान्यात उमेदवारी केली, त्यामुळे ते वरचे सोळा कागद कुठे जात हे सांगू शकतो : निम्मे यंत्रात आणि निम्मे कामगारांच्या मुलांच्या वह्यांत. ‘क्वायर’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘चार-चार’वरून आला. अप्पा बळवंत चौकातले आजोबा लॅटिन शिकलेले नव्हते, पण बोटांच्या फटींत त्यांनी हीच व्युत्पत्ती सहा वेळा सिद्ध करून दाखवली. आणि रीम? ते तर अरबीतले ‘रिज्मा’, म्हणजे गाठोडे. युरोपात फिरून, टोपी घालून, साहेब होऊन परत आलेले. दस्त्याने त्याला ओळखले की नाही, इतिहास गप्प आहे.

वजन पाहू. ए-फोरचे सोळा कागद मिळून जवळपास एक चौरस मीटर भरतो. म्हणजे चोवीस कागद दीड चौरस मीटर; ७५ जीएसएमने, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅमने, ११२.५ ग्रॅम. दस्त्याचे वजन असे अर्ध्या ग्रॅमपर्यंत काढता येते. दस्ताचे येत नाही. आमचा दस्त अकरा पानांचा होता, पण त्यात दोन खोल्या, एक गॅलरी, सामाईक जिना आणि वडिलांनी लावलेला कढीपत्ता एवढे सामावले होते.

तरीही कचेरी दस्ताला दस्त्यासारखे वागवते, हे नमूद करणे भाग आहे. तिथे ‘दस्त हाताळणी शुल्क’ नावाची बाब आहे, आणि ते आकारतात पानांवर. तुम्ही काय सोडले याच्याशी या शुल्काला देणेघेणे नाही. किती पानांत सोडले ते सांगा.

(इ) व्याकरणावरून. आता ब्रह्मास्त्र. ‘दस्त’ अकारान्त पुल्लिंगी. प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप ‘दस्ता’ : दस्ताचा, दस्तात, दस्ताला. जसे दोस्त, दोस्ताचा. ‘दस्ता’ आकारान्त पुल्लिंगी. त्याचे सामान्यरूप ‘दस्त्या’ : दस्त्याचा, दस्त्यात, दस्त्याला. जसे रस्ता, रस्त्याचा. किंवा लग्नाचा बस्ता, बस्त्याचा.

वाचकहो, घात इथे आहे. दस्ताला विभक्ती लागली की तो दस्त्याचा वेष घेतो. ‘दस्ता’ म्हणून जो आपल्यासमोर उभा आहे तो मूळचा दस्ता आहे की वाक्यात काम लागल्यामुळे दस्ता झालेला दस्त, हे पुढचा प्रत्यय येईपर्यंत कळत नाही. आणि खरा दस्ता कामाला लागतो तेव्हा तो पुढे सरकून दस्त्या होतो. थोडक्यात, काना हा पहारेकरी फितूर आहे. दोन शब्दांमधली सीमा राखतो तो ‘त’ला चिकटलेला अर्धवट ‘य’. सबंध मराठी व्यवहारात दोन खोल्या आणि चोवीस कोरे कागद यांच्यात उभी असलेली भिंत एका यकाराच्या जाडीची आहे.

‘संदर्भाने कळते’ म्हणणाऱ्यांसाठी पुढील प्रसंग.

५. निर्णय

टोकन ९ चालू असताना आम्ही सवयीने दस्त पुन्हा चाळत होतो. पान ७, शेवटून तिसरी ओळ : ‘सदर दस्त्यातील मजकूर मी वाचून पाहिला असून तो मला मान्य व कबूल आहे.’

दस्त्यातील. चोवीस कोऱ्या कागदांतील मजकूर मी वाचून पाहिला असून तो मला मान्य आहे. आणि हे आम्ही तीनदा वाचून निर्दोष ठरवले होते. ३४ वर्षे.

“हे बदलायला हवं,” आम्ही म्हणालो.

वकील घड्याळाकडे पाहत म्हणाले, “काका, अर्थ कळतो ना? एक ‘य’ जास्त आहे, त्यानं काय बिघडतंय?”

“नोंदणीनंतर लक्षात आलं असतं तर?”

“तर चूकदुरुस्तीचा दस्त. पुन्हा मुद्रांक, पुन्हा साक्षीदार, पुन्हा टोकन.”

“आणि आत्ता?”

त्यांनी सुस्कारा सोडला. “आत्ता पेन.”

नोंदणी कायद्याचे २० वे कलम खाडाखोडीबद्दल आहे. दस्तात कुठे काही खोडले, घुसडले वा मोकळे सोडले असेल, तर करून देणाऱ्याने तिथे सही किंवा आद्याक्षरे करून ते आपलेच म्हणून मान्य करावे लागते. एरवी निबंधकाला दस्त नाकारता येतो. आम्ही ‘दस्त्यातील’ यावर आडवी रेघ मारली, वर बारीक अक्षरात ‘दस्तातील’ लिहिले आणि बाजूला आद्याक्षरे केली. ताईला करायला लावली. वकिलांनी दोघा साक्षीदारांचीही घेतली; “आता घ्याच,” म्हणाले. एका अर्ध्या यकाराच्या वधाला चार हात लागले. मराठीत इतक्या इतमामाने कोणता ‘य’ गेला असेल, असे आम्हाला वाटत नाही.

मग टोकन ११. छायाचित्र, अंगठा, सही. यंत्राने आमचा अंगठा दोनदा नाकारला. कागद उलटून उलटून रेषा झिजल्या आहेत, असे आमचे मत. तिसऱ्यांदा घेतला. दस्त स्कॅन झाला, गोषवारा निघाला, शिक्के पडले आणि अकराची पंचवीसेक पाने झालेला तो गठ्ठा त्यांनी ताईच्या हातात ठेवला. म्हणजे दस्त शेवटी चोवीसच्या पलीकडे गेला. योगायोग, पण सूत्रकारांनी सोडला नसता.

तर निर्णय असा : हातात असतो तो दस्ता; हातचे ज्याने सुटते तो दस्त. कोरेपण हे दस्त्याचे लक्षण, सुटणे हे दस्ताचे. पूर्वपक्ष एक ते तीन खंडित. वहिनींचा दहीभात आम्ही खाल्ला.

कचेरीच्या पायऱ्यांवर ताईने दस्त पिशवीत नीट आडवा ठेवला. मग आमच्या काखेतल्या वर्तमानपत्री पुडक्याकडे पाहून म्हणाली, “आणि हे कोरे कागद रे कुणाचे?”

“माझे.”

“मग तुलाही काहीतरी राहिलं म्हणायचं,” ती म्हणाली, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन आमचा दंड धरून पायऱ्या उतरली.

प्रस्तुत प्रबंध त्याच कागदांवर लिहिला आहे. खाडाखोडीसह बावीस लागले. प्रत्येक खाडाखोडीशेजारी आद्याक्षरे केली आहेत. दोन उरले. चोविसांतले दोनच उरल्यावर त्यांना दस्ता म्हणता येईल काय, आणि बावीस लिहून झालेल्यांना दस्त म्हणता येईल काय, हा नवा संशय. त्याचे अधिकरण स्वतंत्र मांडावे लागेल. कागद पुरणार नाहीत. अप्पा बळवंत चौकात जाऊन यावे म्हणतो.